उन्हात फिकं होणारं पाणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मॅडमनी प्रोजेक्टचे विषय वाटले तेव्हा मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर होते. पुढच्यांनी आपापले विषय मागून घेतले. कुणी द्राक्षांवरच्या फवारणीचा, कुणी टोमॅटोच्या सालीतल्या रंगाचा. मी काहीच मागितलं नाही, म्हणून उरलेला विषय माझ्याकडे आला. बी-टू हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळवायचं, उजेडात ठेवायचं आणि ते कसं मोडत जातं ते मोजायचं. "खिडकीपाशी नुसतं गप्प बसायचंय," मॅडम म्हणाल्या, "तुला जमेल ना?" वर्ग हसला. मलाही हसू आलं. जगात मला खात्रीनं जमणारी तेवढी एकच गोष्ट होती.

बी-टूचं दुसरं नाव रायबोफ्लेविन. त्याची पूड नारिंगी असते. चिमटीच्या टोकाला लागेल एवढी पूड पाण्यात टाकली तरी पाणी पिवळं होतं आणि त्या पिवळ्याला कडेनं हिरवी झाक दिसते. शक्तीची गोळी घेतल्यावर लघवीला जो रंग येतो तो हाच, हे मला माहीत होतं, पण तोंडी परीक्षेत मी ते सांगितलं नाही.

दोन काचेच्या बाटल्या भरल्या. एकीला चांदीच्या रंगाचा कागद गुंडाळला, दुसरी तशीच ठेवली. दोन्ही खिडकीत, उन्हात. मग स्टूल ओढून बसले. सकाळच्या उन्हात आधी काहीच होत नव्हतं. मी वहीत रेघा मारत बसले आणि मान वर केली तर उघड्या बाटलीतलं पिवळं उतरलेलं होतं. कुणी ओतलं नाही, कुणी पाणी मिसळलं नाही. बाटलीला कुणाचा हातही लागला नव्हता. कागद उलगडून दुसरी बाटली पाहिली, तर ती सकाळी होती तशीच, गडद.

तोवर मला वाटायचं की उजेडाचं काम दाखवण्याचं. खोलीत दिवा लावला की टेबल दिसतं, विझवला की दिसत नाही, टेबलाला त्याचं काही नसतं. इथे मात्र उजेड आत शिरून कामाला लागला होता. पुस्तकात होतं ते असं: या जीवनसत्त्वाच्या रेणूला एक लांब शेपूट असते. रेणू उजेडातला निळा भाग गिळतो, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. आणि तो गिळलेला निळा उजेडच आतून त्याची शेपूट तोडतो. म्हणजे ज्याच्यामुळे त्याला त्याचा रंग मिळतो त्याच्याचमुळे तो मोडतो. हे वाक्य इंग्रजीत वाचलं तेव्हा पाठ करण्यापुरतं होतं. त्या खिडकीत मी ते मनातल्या मनात मराठीत म्हटलं आणि बराच वेळ पुढचं काही वाचलंच नाही.

हे सगळं कुणाला सांगावं असं वाटत होतं, पण सांगायला बसलं की मला शब्द सापडत नाहीत. माझी शाळा नारायणगावातली, इंग्रजी माध्यमाची. विज्ञान इंग्रजीत आणि जेवण, भांडण, लाड मराठीत, अशी माझ्या डोक्यात वाटणी झालेली आहे.

त्याच थंडीत मी आत्याकडे गेले. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घोडेगावहून डोंगराकडे एसटी जाते, त्या रस्त्यावर तिचं गाव आहे. तिचा व्यवसाय जरा वेगळा. उबवणी केंद्रातून ती एका दिवसाची पिल्लं आणते, घरामागच्या शेडमध्ये बल्बच्या उबेत वाढवते आणि अंगावर पिसं आली, धोक्याचं वय सरलं की वरच्या वाड्यांतल्या बायकांना विकते. भात आणि नाचणी करणारी ती घरं. दारात चार कोंबड्या असल्या की पाहुणा आला तर धावपळ होत नाही. त्या बायका गावात दुसरीकडे जात नसत. आत्याच्या हाताला गुण आहे, तिच्या हातचं पिल्लू मरत नाही, असं त्या म्हणत.

मी गेले तेव्हा तो गुण संपल्याची बोलणी सुरू झाली होती. आदल्या खेपेची पिल्लं बसूनच राहिली, म्हणून तीन-चार घरांनी ती परत आणून दिली होती. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणतो, ते शेडच्या दारात उभं राहून म्हणाले, "ह्या खेपेला बी तसंच झालं तर बंद कर म्हणलंय मी. कांदा भरू हितं. कांदा काय लंगडत न्हाई."

"कांदा सडतो," आत्या म्हणाली.

"सडला तर वास येतो. कळतं तरी."

 एरवी आत्या शेवटचं वाक्य कुणाला घेऊ देत नाही, आज घेऊ दिलं. ती खाली बसली आणि भुश्श्यातून एक पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं. "बघ. काल चांगलं व्हतं."

ते माझ्या तळव्यावर उभं राहिना. पायाची बोटं आत वळली होती, एखाद्यानं मूठ मिटून घ्यावी तशी. खाली ठेवलं तर ते पायाच्या मधल्या सांध्यांवर बसून, पंख टेकत सरकू लागलं. डोळे अगदी तरतरीत. खायचंही होतं त्याला, भांड्याकडेच निघालं होतं. फक्त पोचत नव्हतं. कोपऱ्यात तसलीच आणखी काही होती आणि चालती पिल्लं त्यांच्या अंगावरून ये-जा करत होती.

मला ते चित्र ओळखीचं वाटलं. प्रोजेक्टसाठी वाचताना एका पानावर अशीच वळलेली बोटं पाहिली होती. बी-टू कमी पडलं की पिल्लांचं असं होतं, खाली एवढी एकच ओळ होती आणि ती माझ्या उपयोगाची नाही म्हणून मी पान उलटलं होतं.

"आत्या, यांना जीवनसत्त्वाचं औषध देतेस का?"

"देती म्हंजे? रोज. चुकत न्हाई. दुकानदारानं सांगितलंय, तुमचं खाणं घरचं, कण्या न् भरडलेला मका, त्याच्यात जोर न्हाई, तवा ह्ये पाण्यातनं द्या." तिनं कपाटातून पुडी काढून दाखवली. पुडीवर औषध अंधारात ठेवायला सांगितलं होतं म्हणून तिनं ती काळ्या फडक्यात बांधून, वर डब्यात घालून ठेवली होती. आत तीच नारिंगी पूड. मला परक्या गावात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं झालं.

मग औषध लागू का पडत नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं नाही. बी-टू रोज पोटात जात असेल तर बोटं वळायला नकोत. मी गप्प राहिले. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. मी गप्पच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले होते. अंगणात धुकं होतं आणि ऊन नुकतं भिंतीवर उतरत होतं. आत्यानं पाण्याचे दोन मोठे जार आणले, लग्नाकार्यात असतात तसले निळसर पारदर्शक. त्यात पूड टाकली, काठीनं ढवळलं. निळ्या जारातलं पिवळं पाणी हिरवं दिसायला लागलं. मग तिनं दोन्ही जार उचलून उन्हाच्या तिरिपेत नेऊन ठेवले, ऊन सरकेल तसे सरकवता येतील अशा बेतानं.

"हे इथे का?"

"यंदा थंडी किती हाय. गार पाण्यानं पिल्लं आकडत्यात. दुपारपातूर कोमट व्हतं, मग पाजते."

चहा कपात तसाच राहिला. अंगणात माझी खिडकीच मांडलेली होती, फक्त मोठी. तीच पूड, तेच पाणी, तेच ऊन. त्यातून निळा जार. निळी पारदर्शक वस्तू निळी दिसते कारण ती निळा उजेड जाऊ देते, आणि बी-टूला तोडतो तो नेमका निळाच. सूर्यापासून निघालेला उजेड मधल्या एवढ्या मोकळ्या जागेत कशालाही न अडखळता येतो, डोंगरावरून, कौलांवरून उतरतो आणि आत्याच्या जारातली एवढीशी शेपूट शोधून तोडतो. मला कसली घाई सुचली नाही. मी त्या जारांकडे बघत राहिले. दहाच्या सुमारास आत्यानं ते सरकवले तेव्हा हिरवं गेलं होतं, जाराचा नुसता निळा उरला होता.

"आत्या, रंग गेला."

"मुरला," ती म्हणाली. "लोणचं कसं मुरतं. आदी सगळं येगळं येगळं दिसतं, मग एकजीव व्हतं."

म्हणजे रंग जातो हे ती रोज पाहत होती. रोज पाहून तिनं त्याला एक नाव दिलं होतं आणि ते नाव तिच्या स्वयंपाकघराइतकं पक्कं होतं. माझ्याकडेही एक शब्द होता, प्रकाशविघटन. पुस्तकातून पाठ केलेला. तो आत्यासमोर काढायची माझी छाती झाली नाही.

"ते मुरत नाही," मी म्हटलं. "मोडतं. ऊन त्याला मोडतं. दुपारी तू पाजतेस ते साधं पाणी असतं."

आत्यानं कमरेवर हात ठेवला. "उन्हानं?"

"हो."

"पापड उन्हात. मिरच्या उन्हात. बाळाच्या अंघुळीचं पाणी उन्हात. तुझं बी मीच तापवलंय, ह्याच अंगणात, पितळी घंगाळात. तू मोडलीस का?"

"न्हाई, पर बोलायची बंद झाली," मामा गोठ्यातून म्हणाले.

"तुमी शेण काढा." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून, "पोरी, मला वाटतंय तू म्हणतीस त्ये खरं आसंल. पर मला ते पटाया पायजे. उद्या वरच्या वाडीची बाई इचारंल तर मी काय सांगू, भाची म्हणाली म्हणून?"

ते मला मान्य होतं. मलाही खिडकीत बसल्यावरच पटलं होतं. पण इथे मोजायचं यंत्र नव्हतं. मग मला मामांच्या टॉर्चची आठवण झाली. पावसाळ्यात विंचू शोधायला त्यांनी जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली होती. त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो. लॅबमध्ये आमच्याकडे तसाच दिवा होता आणि त्याच्याखाली बी-टू काय करतं ते मी पाहिलं होतं.

आम्ही तिघं धान्याच्या खोलीत गेलो. तिला खिडकी नाही. दोन काचेचे पेले घेतले. एकात ताजी पूड कालवलेलं पाणी, दुसऱ्यात अंगणातल्या जारातलं. दार लावलं. मामांनी टॉर्च लावली.

ताजा पेला पेटला. मला दुसरा शब्द येत नाही. पाणी आतून हिरवं झालं, भाताच्या रोपांचा वाफा उन्हात दिसतो त्या रंगाचं, आणि टॉर्चचा जांभळा झोत पाण्यात शिरला तिथे हिरवी कांब उभी राहिली. हे मी लॅबमध्ये कितीदा तरी पाहिलं होतं. पण तिथे चारी बाजूंना यंत्रं होती, असलं काही व्हावं अशीच ती जागा होती. इथे बाजूला बाजरीची पोती होती, सुपं होती, आणि तो पेला सकाळी मी चूळ भरायला घेतलेला. मामांनी टॉर्च दुसऱ्या पेल्यावर नेली. तिथे नुसता निळसर धूर असावा तसं काहीतरी होतं. तेवढंच.



"हे उन्हानं केलं?" आत्यानं विचारलं.

"हो."

"आपल्या उन्हानं?"

"हो."

ती पेल्यांजवळ गेली, वास घेतला, ताज्या पेल्यात बोट बुडवून टॉर्चखाली धरलं. बोटाचं टोक हिरवं चमकलं. ते तिनं पदराला पुसलं नाही, तसंच धरून ठेवलं.

मग तिनं मामांच्या हातातून टॉर्च घेतली आणि खोलीतल्या एकेका वस्तूवर मारत सुटली. तांदळावर काही नाही. मिठावर काही नाही. तेलाच्या डब्याशी थोडी घुटमळली. मग स्वयंपाकघरातून दह्याचं पातेलं आणवलं. दह्यावर पाणी सुटलं होतं, आम्ही त्याला निवळी म्हणतो. टॉर्च पडली आणि ती निवळी हिरवी झाली, पेल्यातल्याइतकी नाही, पण नक्की.

"ह्याच्यात बी त्येच हाय?"

"तेच. दुधात असतं, म्हणून दह्यात येतं."

"म्हणून दूध झाकायचं व्हय."

"मांजरीमुळं झाकायचं," मामा म्हणाले.

मला दुधाचं माहीत होतं, पुढचं नव्हतं. आत्यानं एक अंडं वाटीत फोडलं. पिवळा बलक नुसता मंद दिसला, पण भोवतीचा पांढरा भाग, ज्याला मी आजवर बिनरंगाचा समजत होते, तो हिरवट उजळला. कोंबडीनं आपल्या आहारातून ते वेचून अंड्यात ठेवलेलं होतं, जन्माला यायच्या पिल्लासाठी. वर कवच, कवचावर ती स्वतः बसलेली. ती ऊब देते एवढंच मी शिकले होते. अंधारही देत असेल का, असं मनात आलं. कुणी शोधलंय की नाही मला माहीत नाही. पण त्या वाटीकडे बघताना मला कॉलेज, प्रोजेक्ट, गुण, सगळं फार लहान वाटायला लागलं, आणि ते बरं वाटलं.

दार उघडल्यावर आत्या सरळ अंगणात गेली आणि दोन्ही जार मोरीत ओतून टाकले. "ऊन पाण्याला दाखवायचं," ती स्वतःशी म्हणाली, "औषधाला न्हाई." पाणी आधी तापवायचं, मग आत आणून पूड घालायची आणि लगेच पाजायचं, असं ठरलं. शेडमधल्या बल्बची मला काळजी वाटली, पण तो पिवळा होता, लहान होता, आणि पिल्लं पाणी तासाभरात संपवत होती.

मामांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, लक्षणं त्याच आजाराची वाटतात, औषधाचा डोस काही दिवस वाढवा, आणि खाणंही बदला. ताजी वळलेली बोटं सरळ होतील, पण फार दिवस वळून राहिलेली बहुतेक होणार नाहीत, तिथली शीर खराब झालेली असते. फोन स्पीकरवर होता. शेवटचं वाक्य ऐकून आत्यानं कोपऱ्यातली पिल्लं पाटीत भरली आणि चुलीपाशी नेली. कांदा, शेड, काहीच विषय निघाला नाही. ती बशीतून त्यांना निवळी पाजत होती, एकेकाची चोच हलकेच बुडवून.

मी परत गेले आणि आठवडाभर खिडकीत बसले. रोज संध्याकाळी आत्या फोन करायची. पहिले काही दिवस ती फक्त हवा कशी आहे ते सांगायची, आणि मी विचारायचं धाडस करत नसे. मग एकदा म्हणाली, "एक हुबं ऱ्हायलं. पडलं परत. पर हुबं ऱ्हायलं."

पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा शेडमध्ये नवं कुणी वळलेलं नव्हतं. आधी वळलेल्यांपैकी बरीच चालत होती, काही जरा फेंगडी. चुलीपाशीच्या पाटीतली काही तशीच राहिली होती. ती विकायची नाहीत, असं आत्यानं ठरवलं होतं. मामांनी त्यांच्यासाठी परसात एक बुटकी जाळी ठोकली होती, दाणा सरकत जाऊन गाठता येईल अशी. 

त्या दिवशी वरच्या वाडीची बाई आली, मागच्या खेपेची पिल्लं परत आणून दिलेल्यांपैकीच एक. जीपमधून उतरली ती रिकामी पाटी काखेत घेऊनच, पण आत यायची घाई न करता दारातच उभी राहिली.

"पिल्लं हायती असं ऐकलं."

"हायती," आत्या म्हणाली. "बघून घे. एकेक बघ."

"बघतेच की. मागल्या टायमाला न बघता नेली."

टोमणा होता. आत्यानं तो ठेवून घेतला. बाई भुश्श्यात उकिडवी बसली. पिल्लू उचलायची, उलटं करायची, पाय ताणून बघायची, खाली सोडायची. चालतंय का ते शेवटपर्यंत बघायची. आत्या दाराला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही हातांच्या मुठी पदराखाली होत्या. मी कधी तिला इतकं गप्प पाहिलं नव्हतं, आणि गप्प राहणं मला कळतं.

मग बाईनं एका पिल्लाच्या पायाखाली आपली करंगळी धरली. पिल्लानं बोटं पसरली, चाचपलं, आणि करंगळीभोवती मिटली. तिनं हात हळूच वर उचलला. पिल्लू डुललं, पण सुटलं नाही.

"धरतंय की ओ," ती म्हणाली.

आत्यानं मूठ सोडली. "मागल्या येळची तुझी जेवढी व्हती तेवढी वरनं देते. पर आदी सांग, घरी पाणी कुठं ठेवशील ह्यांचं?"

"उन्हात. तुमीच सांगितलं व्हतं. जारात औषध घालायचं न् उन्हात ठेवायचं, चांगलं मुरतं म्हणून. समद्या वाडीत तसंच करत्यात."

आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती शेडमध्ये शिरली, बाईच्या शेजारी भुश्श्यातच मांडी घालून बसली, आणि एक पिल्लू मांडीवर घेऊन, अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.